ईपरच्या मागामागे ८०० वर्षांची अखंड परंपरा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीत वडिलांच्या शेडमध्ये तुम्ही बेल्जियमचे जुने रॅपिअर माग (धोट्याऐवजी पट्टीच्या टोकानं आडवा धागा नेणारे) आणून बसवलेत. मशीनवरच्या पाटीवर ईपर या गावाचं नाव आहे. शोधल्यावर कळलं, की ८०० वर्षांपूर्वी हेच गाव लोकरी कापडासाठी युरोपभर गाजलेलं होतं. तेव्हा ही एकच परंपरा अखंड चालत आली आहे का, आणि आली असेल तर गावानं ती टिकवली कशी, असं तुम्ही विचारलंत.

आधी सरळ उत्तर देतो. परंपरा अखंड नाही. ईपरचा कापडधंदा बुडाला, पार बुडाला, आणि आजचा माग-कारखाना त्या धंद्याचा वारस नाही. पण तुम्ही ‘परंपरा’ कशाला म्हणता त्यावर उत्तर थोडं बदलतं. एकाच गावातली, बापाकडून मुलाकडे आलेली विद्या म्हणाल, तर ती तुटली. बेल्जियममधल्या कोर्टरेकपासून फ्रान्समधल्या लील-रूबेपर्यंतचा सगळा पट्टा धराल, तर तिथे सूत आणि कापड कधीच पूर्ण थांबलं नाही. मी विणकाम विभागातला इंजिनिअर. रॅपिअर आणि एअरजेट (हवेच्या झोतानं धागा टाकणारे) माग उभे करणं, चालते ठेवणं हेच आयुष्यभर केलं, आणि प्रशिक्षणाच्या निमित्तानं ईपर पाहिलं. त्यामुळे मी हा इतिहास कापडाच्या बाजूनं वाचतो. राज्यकारभाराचा अभ्यासक याच घटनांना वेगळं वजन देईल.

माझ्या मते प्रश्न टिकवण्याचा नाहीच. ईपरच्या विणकरांचं कसब कमी झालं नव्हतं. मग कसब शाबूत असताना धंदा गेला कसा, हे समजून घ्यायला हवं. तुमच्या शेडच्या दृष्टीनंही तेच कामाचं आहे.

ईपर हे फ्लँडर्सच्या, म्हणजे मुख्यतः आजच्या बेल्जियममधल्या जुन्या प्रांताच्या, पश्चिम टोकाचं गाव. फ्रेंचमध्ये त्याला ईप्र म्हणतात, जुन्या पुस्तकांत बहुधा तेच नाव सापडेल. गेंट आणि ब्रुज यांच्या बरोबरीनं हे फ्लँडर्सच्या तीन मोठ्या शहरांपैकी एक होतं. मात्र त्याला समुद्र नाही आणि मोठी नदीही नाही. ईपरले नावाची एक लहानशी नदी गावातून उत्तरेला जाऊन ईझर नदीला मिळते. तिच्यातून सपाट बुडाच्या होड्या थेट गावाच्या मध्यापर्यंत येत. आज ती गावाखाली झाकलेली आहे. गिरण्या, खंदक आणि प्यायच्या पाण्यासाठी गावानं बाहेर झिलेबेके आणि डिकेबुस इथे बांध घालून तलाव केले, ते अजून आहेत. पाण्याची ही अडचण लक्षात ठेवा, पुढे ती नडली.

होड्या जिथे थांबत तिथेच कापडाचा बाजार उभा राहिला. लाकेनहाले, म्हणजे कापडबाजाराची इमारत, १३व्या शतकात बांधली गेली आणि १३०४ मध्ये पूर्ण झाली. दर्शनी बाजू सुमारे १२५ मीटर लांब, मधला घंटामनोरा ७० मीटर उंच. मंदिर नाही, राजवाडा नाही. ठाण ठेवायची, तपासायची आणि विकायची ती जागा. त्या काळातल्या गावाची लोकसंख्या किती, यावर बराच वाद झाला आहे. १२४७ मध्ये गावच्या पंचांनी पोपला पाठवलेल्या अर्जात २,००,००० असा आकडा दिला होता. तो फुगवलेला होता. आजचे अभ्यासक ऐन भरभराटीत ३०,००० ते ४०,००० धरतात, आणि त्या काळच्या युरोपात तेवढंही फार मोठं होतं. आज ईपर आणि आजूबाजूची खेडी मिळून साधारण ३५,००० लोक राहतात.

आता ते कापड कसं होतं ते नीट सांगतो, कारण सगळं त्यावर उभं आहे.

कच्चा माल इंग्लंडचा. कॉट्सवोल्ड, हेरफर्डशर, लिंकनशर इथली लोकर त्या वेळी सर्वांत बारीक समजली जाई. तिथल्या मठांकडे मेंढ्यांचे मोठे कळप होते, आणि व्यापारी पुढच्या काही वर्षांची लोकर आगाऊ पैसे देऊन बांधून घेत. ईपरला आल्यावर लोकर निवडायची, झोडायची, धुवायची, तिला लोणी किंवा तेल लावायचं, विंचरायची आणि कातायची. ताण्याचं, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांचं, सूत हातानं फिरवायच्या चातीवर कातून घ्यायचं, कारण सुरुवातीच्या चरख्याचं सूत ताण सहन करील याची खात्री नसे. कातणाऱ्या बहुतेक बायका होत्या. मग रुंद माग. एका मागावर दोन विणकर शेजारी शेजारी बसत, एकानं धोटा टाकायचा, दुसऱ्यानं झेलून परत टाकायचा. आपल्याकडे एक कामगार अनेक रॅपिअर सांभाळतो, तिथे एका मागाला दोन माणसं आणि हाताखाली कांड्या भरणारं पोर.

पण मागावरून उतरलेलं ते कापड विकण्याजोगं नसे. ते जाळीसारखं विरळ असे. ते टाकीत घालून, विशिष्ट माती आणि लघवी मिसळलेल्या पाण्यात माणसं पायांनी तुडवत. उंची कापडाला हे काम कित्येक दिवस चाले. तुडवल्यावर लोकरीचे तंतू एकमेकांत घट्ट रुतत आणि ठाण आटून जवळजवळ अर्ध्या क्षेत्रफळावर येई. मग हुक लावलेल्या लांब लाकडी चौकटींवर ते ओलं असतानाच ताणून रुंदी बसवायची. प्रोसेस हाऊसमधलं (कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यातलं) स्टेंटर मशीन आज हेच करतं. त्यानंतर काटेरी बोंडांनी घासून केस वर काढायचे, मोठ्या कात्र्यांनी ते एकसारखे कापायचे, पुन्हा घासायचं, पुन्हा कापायचं. शेवटी रेशमासारखा हात लागे. रंग निळा असेल तर वोड नावाच्या झाडाच्या पानांचा, लाल असेल तर मंजिष्ठेच्या जातीतल्या मुळांचा, आणि सर्वांत महाग किरमिजी हा भूमध्य समुद्राकाठच्या ओक झाडांवरचे किडे वाळवून केलेला. रंग बसायला तुरटी, तीही जिनोआच्या व्यापाऱ्यांमार्फत दूर तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून येई.

विणकाम हा यातला एक टप्पा झाला. ठाणाच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा लोकरीचा, मग रंगाचा आणि फिनिशिंगचा. माग चालवणाऱ्याच्या हातात त्यातलं फार थोडं उरे. इचलकरंजीतून ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड बालोत्रा, पाली, अहमदाबादला प्रोसेसिंगला जातं, हे तुम्ही रोज पाहता. कापडाची किंमत मागावर फार थोडी ठरते, हे ईपरच्या काळातही तितकंच खरं होतं.

ईपरनं दुसरी गोष्ट कमावली ती म्हणजे खात्री. गावानं नेमलेले तपासनीस ठाणाची लांबी, रुंदी, ताण्यातल्या तारा, रंग सगळं पाहत आणि पसंत पडलं की शिशाचा शिक्का ठोकत. खोट निघाली तर दंड, कधी ठाण फाडून टाकत. त्यामुळे रशियातल्या नॉव्हगोरोडचा ग्राहक ईपरचा शिक्का पाहून न उलगडताच ठाण घेऊ शके. तिथल्या जुन्या सनदेत ईपरच्या कापडाचा नावानिशी उल्लेख आहे. आज आपण ज्याला ब्रँड म्हणतो तो गावाचा होता, एखाद्या कारखान्याचा नव्हता.

विक्री मुख्यतः जत्रांमध्ये. फ्लँडर्समध्येच पाच जत्रांचं चक्र होतं, त्यातली एक ईपरची. त्याहून मोठ्या फ्रान्समधल्या शांपेन प्रांतातल्या, त्र्वा आणि प्रोव्हँ वगैरे गावांच्या. तिथे इटालियन व्यापारी मसाले, रेशीम आणि तुरटी घेऊन येत आणि कापड घेऊन जात. रोख नाणी वाहून न्यायचा धोका नको म्हणून उधारीचे कागद चालत. चामड्यावर करार दोनदा लिहायचा, मधून कापायचा, आणि पैसे देताना दोन्ही तुकड्यांच्या कडा जुळवून पाहायच्या. ईपरच्या पंचांकडे १३व्या शतकातले असे हजारो कागद जपलेले होते. गियोम दे मारे या अभ्यासकानं १९०१ मध्ये त्यांचा अभ्यास छापला. ते मूळ कागद पुढे जळाले. त्यांच्यासारख्यांनी आधी नकला केल्या नसत्या, तर आज आपण हे बोलूही शकलो नसतो.

या सगळ्या साखळीत सत्ता कोणाकडे होती? व्यापाऱ्याकडे. लोकर त्याची, तुडवायला देणारा तो, रंगवून घेणारा तो, जत्रेत विकणारा तो. विणकराचा माग स्वतःचा असला तरी सूत दुसऱ्याचं आणि मजुरी दुसऱ्यानं ठरवलेली. खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणणारा यंत्रमागधारक काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. फ्लँडर्समधल्या दुए गावचा झां ब्वानब्रोक हा असा एक व्यापारी १२८६ च्या सुमारास वारला. त्याच्या वारसांपुढे कामगारांनी आणि छोट्या कारागिरांनी मांडलेल्या तक्रारींची लांबच लांब चामड्याची गुंडाळी उरली आहे. मजुरी कमी दिली, वाईट लोकर गळ्यात मारली, घरातून सामान उचलून नेलं, असं एकेक जण सांगतो. ती वाचताना सातशे वर्षं मध्ये गेल्याचं जाणवत नाही.

विशेष म्हणजे गावचे पंच हेच व्यापारी. म्हणजे मजुरी ठरवणारा, शिक्का मारणारा आणि न्याय करणारा एकच. १२८० मध्ये ईपरमध्ये विणकर आणि इतर कारागीर उठले. त्या बंडाला कोकेरुले म्हणतात. ते दडपलं गेलं. पण ११ जुलै १३०२ ला कोर्टरेकजवळ फ्लँडर्सच्या विणकर, तुडवणारे, खाटीक अशा पायदळानं फ्रान्सच्या घोडदळाचा धुव्वा उडवला, तेव्हा ईपरची तुकडीही तिथे होती. कोर्टरेकच्या किल्ल्यातली फ्रेंच शिबंदी मागून तुटून पडू नये म्हणून तिला रोखायचं काम ईपरकडे होतं. त्यानंतर कारागिरांच्या संघांना गावकारभारात जागा मिळाली. हे मी फार महत्त्वाचं मानतो. आणि नेमकं इथूनच पुढचं दुखणं सुरू झालं.

कारण आता शिक्का कारागिरांच्याही हातात आला, आणि त्यांनी तो बाकीच्यांना बाहेर ठेवण्यासाठी वापरला. आजूबाजूच्या खेड्यांत लोक स्वस्त, हलकं कापड विणू लागले होते. मजुरी कमी, नियम कमी. पोपरिंगे हे शेजारचं गाव तर ईपरच्या कापडासारखंच कापड करत होतं. १३२२ मध्ये फ्लँडर्सच्या काउंटनं मोठ्या शहरांच्या बाजूनं हुकूम दिले आणि खेड्यांतलं विणकाम रोखलं. पुढे शहरातले लोक हत्यारं घेऊन खेड्यांत जात, माग आणि तुडवायच्या टाक्या फोडत. पोपरिंगे यथावकाश हॉप्सच्या शेतीकडे वळलं. बिअरमध्ये घालायची ही वेल आजही तिथलं मुख्य पीक आहे.

विणकरांची बाजू मला समजते. दोन पिढ्या व्यापाऱ्यानं पिळलेल्या माणसाला थोडी सत्ता मिळाली, तर तो आधी स्वतःची मजुरी राखणार. पण माझं ठाम मत आहे की ईपरचं खरं नुकसान इथे झालं. माग फोडल्यानं खेड्यातला ग्राहक ईपरचं महाग कापड घेऊ लागला नाही. स्वस्त कापडाचं काम फक्त ईपरच्या हाताबाहेर गेलं.

त्याच वेळी बाकीच्या बाजूंनीही पकड सुटत होती. १२७७ पासून जिनोआची गलबतं जिब्राल्टरला वळसा घालून थेट उत्तरेला येऊ लागली. माल समुद्रानं ब्रुजला उतरू लागला, शांपेनच्या जत्रा ओसरल्या, आणि लहान नदीवरचं ईपर मुख्य वाटेपासून बाजूला पडलं. १३१५ पासून सलग पाऊस आणि दुष्काळ. १३१६ च्या मे ते ऑक्टोबरमध्ये ईपरनं गावखर्चानं २,७९४ प्रेतं पुरली, म्हणजे गावातला साधारण दहावा माणूस गेला. १३३६ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डनं लोकरीची निर्यात अडवली. ती पुन्हा सुरू झाली, पण पुढे लोकरीवर जबर कर आणि तयार कापडावर अगदी किरकोळ, अशी रचना राहिली. इंग्लंडच्या विणकराला लोकर स्वस्त, ईपरच्या विणकराला महाग. १३३१ मध्येच त्या राजानं जॉन केम्प नावाच्या फ्लेमिश विणकराला माणसांसह येऊन धंदा करण्यासाठी संरक्षणपत्र दिलं होतं. सूत दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर मागाचा वेग वाढवून काही होत नाही, हे सुताचे भाव चढले की आपल्याकडेही दिसतं.

ईपरच्या पडझडीचं कारण म्हणून १३८३ चा वेढा हमखास सांगितला जातो. इंग्लंडमधल्या नॉर्विचचा बिशप हेन्री डिस्पेन्सर इंग्लिश फौज घेऊन आला, गेंटचे लोक त्याच्या बाजूला, आणि जूनपासून ऑगस्टपर्यंत गाव वेढलेलं. गाव पडलं नाही, त्याची आठवण म्हणून ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ईपरमध्ये अजून उत्सव होतो. पण तटाबाहेरच्या वस्त्या, जिथे बरेच विणकर राहत, त्या उद्ध्वस्त झाल्या आणि पुन्हा वसल्या नाहीत. वेढ्याला सगळा दोष देणं मला पटत नाही. चालता धंदा असता तर वस्त्या पुन्हा उभ्या राहिल्या असत्या. तोपर्यंत माणसांना परत यायला कारण उरलं नव्हतं. १५व्या शतकातल्या शिरगणतींत ईपरचे लोक १०,००० च्या आसपास भरतात, शतकाच्या शेवटी त्याहून बरेच कमी.

आणि इथेच तुमच्या ‘अखंड’ या कल्पनेला सर्वांत मोठा छेद जातो. ईपर रिकामं होत असताना त्याच्या दक्षिणेचं न्यूकेर्के हे खेडं वाढत होतं. तिथे स्पेनची मेरिनो लोकर वापरून मध्यम किमतीचं कापड होई, आणि १६व्या शतकात ते फ्लँडर्सच्या मोठ्या कापडकेंद्रांपैकी एक झालं. पश्चिमेला होंडस्कोटे इथे हलकं, स्वस्त ‘से’ कापड प्रचंड प्रमाणात निघे आणि भूमध्य समुद्रापर्यंत जाई. ज्या खेड्यांचे माग फोडले गेले होते, तसल्याच खेड्यांनी धंदा पुढे नेला. ईपर मात्र शेवटपर्यंत इंग्लिश लोकरीच्या उंची ठाणालाच धरून बसलं.

मग धर्मयुद्धाचा काळ आला. ऑगस्ट १५६६ मध्ये याच भागात, स्टीनवोर्दे इथे मूर्तिभंजनाची, म्हणजे चर्चमधल्या मूर्ती फोडण्याची लाट सुरू झाली. पुढच्या वर्षी तेव्हा इथे राज्य करणाऱ्या स्पेनच्या राजानं आल्बाच्या ड्यूकला सैन्यासह पाठवलं आणि प्रोटेस्टंट कारागीर हजारोंनी पळाले. नॉर्विचनं १५६५ मध्येच, स्वतःचा कापडधंदा मंदावला म्हणून, ३० कुटुंबांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. १५७९ च्या सुमारास नॉर्विचमध्ये दर तीन माणसांमागे एकाहून जास्त बाहेरून आलेले होते. म्हणजे ज्या गावाच्या बिशपनं ईपरला वेढा घातला, त्याच गावानं दोनशे वर्षांनी ईपरच्या लोकांना घर दिलं. तिथून एका टोपीवाल्यानं १५६७ मध्ये ईपरमधल्या बायकोला लिहिलेलं पत्र टिकलं आहे. इथले लोक फार प्रेमळ आहेत, तू मुलांना घेऊन ये, असं तो सांगतो, आणि लोण्याचे गोळे करायच्या दोन लाकडी थाळ्या आठवणीनं आणायला सांगतो, कारण इथे सगळं डुकराच्या चरबीत करतात. बाकीचे हॉलंडमधल्या लाइडनला गेले आणि १७व्या शतकात लाइडन युरोपातलं आघाडीचं लोकरी कापडाचं गाव झालं. कसब हे असं माणसांबरोबर गेलं.

पुढची तीनशे वर्षं भराभर सांगतो. ईपर बिशपचं गाव झालं, मग सरहद्दीवरचा किल्ला. १६७८ नंतर फ्रान्सच्या ताब्यात असताना वोबाँ या फ्रेंच लष्करी इंजिनिअरनं त्याची तटबंदी वाढवली. गावातल्या बायका लेस विणत, ‘व्हालांसिएन’ पद्धतीची बारीक लेस, आणि तेच गावचं नाव टिकवणारं काम होतं. कापडबाजाराच्या इमारतीत कचेऱ्या आणि दप्तर आलं. शेजारी कोर्टरेकला लेये नदीच्या पाण्यात जवसाचे पेंढे कुजवून लिननचं सूत निघे. यंत्रयुग आलं तेव्हा गिरण्या तिकडे आणि रूबेकडे उभ्या राहिल्या, ईपरमध्ये फारशा नाहीत.

१९१४ मध्ये युद्ध आलं. २२ नोव्हेंबरला तोफांच्या माऱ्यात कापडबाजार पेटला आणि गावाचं दप्तर जळालं, ते उधारीचे कागदही त्यातच. २२ एप्रिल १९१५ ला ईपरच्या उत्तरेला जर्मन सैन्यानं क्लोरीन वायू सोडला. चारच दिवसांनी लाहोर डिव्हिजनचे हिंदी सैनिक तिथे उघड्या मैदानातून हल्ल्याला पाठवले गेले. मेनिन गेट या स्मारकावर ५४,००० हून अधिक नावं आहेत, त्यात हिंदी शिपायांचीही आहेत. ईपरला गेलात तर ती शोधा. आपल्याकडे त्यांची आठवण फार थोड्यांना आहे.

युद्ध संपलं तेव्हा गावात धड घर उरलं नव्हतं. चर्चिल यांचं म्हणणं होतं, की अवशेष तसेच स्मारक म्हणून ठेवावेत. गावकरी परतले आणि त्यांनी गाव पुन्हा बांधलं, जुन्या नकाशांवरून आणि जुन्या रूपात. कापडबाजाराच्या सभागृहांचं काम १९३३ ते १९६७ चाललं. म्हणजे फोटोत तुम्ही पाहिलेली इमारत बहुतांशी २०व्या शतकातली आहे. मला त्यात काही खोटं वाटत नाही. ज्या लोकांचं सगळं गेलं त्यांनी चौदाव्या शतकाचं गाव पुन्हा उभं करायचं ठरवलं, याचा मला आदर वाटतो.

आता तुमच्या मागाकडे येऊ. इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: कच्चा माल परका, वाट बदलली, स्वस्त कापडाला दार बंद ठेवलं, माणसं निघून गेली आणि शेवटी इमारतही गेली. १९३० च्या दशकात ईपरमध्ये जुन्या कापडधंद्यातलं काहीही जिवंत नव्हतं.

१९३६ मध्ये हायमे पिकान्योल हा स्पॅनिश विणकाम-तंत्रज्ञ आणि स्टेव्हरलिंक हे कापडगिरणीवालं फ्लेमिश घराणं यांनी मिळून ईपरमध्ये स्वयंचलित माग बनवायचा कारखाना काढला. कल्पना बाहेरच्या माणसाची, गरज आजूबाजूच्या गिरण्यांची. तासाभराच्या अंतरात कोर्टरेक, गेंट आणि लील-रूबे. माग बिघडला तर गिरणीतला माणूस त्याच दिवशी कारखान्यात येऊन तक्रार सांगू शके. सुरुवातीचे माग धोट्याचेच होते. त्यातला ‘प्रेसिडेंट’ जगभर गेला. मग रॅपिअर आणि एअरजेट आले. जीटीएम, गॅमॅक्स, ऑप्टिमॅक्स ही नावं तर तुमच्या जॉबरला (मागाची दुरुस्ती-जुळणी करणाऱ्या कारागिराला) पाठ असतील. कोर्टरेकजवळच्या मार्के गावात व्हॅन द व्हिले ही कंपनी १८८० पासून आहे. गालिचा आणि मखमल विणायच्या मशीनमध्ये तिचं नाव जगभर घेतलं जातं. म्हणून मी म्हटलं, की पट्टा धरला तर धागा सापडतो, गाव धरलं तर नाही.

मशीनच्या माणसाच्या नजरेनं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं. या माग-कारखान्याचं ओतकाम ईपरमध्येच त्यांच्या स्वतःच्या फाउंड्रीत होतं, आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा विभागही त्यांचाच आहे. वेगानं चालणाऱ्या मागाची फ्रेम थरथरली तर बाणा (आडवा धागा) चुकतो, ताण्याच्या तारा तुटतात, म्हणून ओतीव लोखंड कसं आणि किती जाड, हे डिझाइन करणाऱ्यानं आणि ओतणाऱ्यानं एकत्र ठरवावं लागतं. बाणा किती लांब मोजायचा, कुठे थांबायचं हे आता सॉफ्टवेअर ठरवतं, तेही त्याच आवारात लिहिलं जातं. कच्च्या मालासाठी इंग्लंडच्या राजाच्या मर्जीवर असलेलं गाव, आणि मशीनचा कणा आणि मेंदू दोन्ही स्वतः बनवणारं गाव, हा फरक नीट पाहा. एक सावधगिरी मात्र सांगतो: कारखाना आला म्हणून गाव तरलंच असं नसतं. याच ईपरमध्ये १९८७ मध्ये आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची एक कंपनी निघाली, लेर्नआउट अँड हाउस्पी. ती काही काळ सगळ्या बेल्जियमचा अभिमान होती, आणि हिशेबातल्या गैरव्यवहारानंतर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली.

इचलकरंजीला हे का जमत नाही, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. यावर माझं मत देतो, पण ते तुमच्या शेडच्या आकारावर, कर्जावर आणि कोणत्या क्वालिटीचं कापड काढता त्यावर अवलंबून राहील. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठिंब्यानं. म्हणजे तिथेही सुरुवात बाहेरच्या मशीननं आणि एका माणसाच्या हिमतीनं झाली. कोल्हापूर-शिरोली-इचलकरंजी पट्ट्यात देशातल्या मोठ्या फाउंड्रींचं जाळं आहे, बारीक मशीनिंग करणारी वर्कशॉप्स आहेत, मागाचा आवाज ऐकून दोष सांगणारे जॉबर आहेत. ईपरकडे १९३६ मध्ये याहून जास्त नव्हतं. नाही ते एवढंच, की मागवाला, फाउंड्रीवाला आणि इलेक्ट्रॉनिक्सवाला एका टेबलाशी बसत नाहीत. सुटे भाग इथे बनतात, पण बेल्जियमच्या भागाची नक्कल म्हणून. बिघाड का झाला याची नोंद करून तो भाग सुधारण्याचं काम फार थोडे करतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तीन कामं आजच करता येतील. जुने माग घेतलेत, तर प्रत्येक मागाच्या थांबण्याची कारणं रोज लिहून ठेवा: ताणा, बाणा, यांत्रिक, इलेक्ट्रॉनिक. कंट्रोल पॅनेलवर ती दिसतात, पण कोणी उतरवून घेत नाही. दुसरं, ग्रे विकण्याऐवजी निदान एका क्वालिटीचं प्रोसेसिंग स्वतःच्या देखरेखीखाली करून घ्या आणि मीटरमागे काय उरतं ते पाहा. तिसरं, खर्चीवर काम घेत असाल तर सूत कोणाचं आणि भाव कोण ठरवणार, हे लेखी ठेवा.

आणि प्रशिक्षणासाठी ईपरला जायची संधी आली तर एक रविवार राखून ठेवा. कापडबाजाराच्या इमारतीत दोन संग्रहालयं आहेत. युद्धाच्या संग्रहालयात गर्दी असते. दुसरं, गावाच्या इतिहासाचं ‘ईपर म्युझियम’ २०१८ मध्ये उघडलं, तिथे आधी जा. मग गावाच्या दक्षिणेला तटाबाहेर ‘फेरड्रॉन्केन वेइडे’ नावाची पाणथळ कुरणं आहेत. तिथेच १३८३ पूर्वीची एक वस्ती होती. १९९० च्या दशकात ती उत्खननात सापडली. ओल्या मातीमुळे चामड्याचे जोडेसुद्धा टिकले होते. तिथून कारखान्याकडे जाताना वाटेत झिलेबेकेचा तलाव पाहून घ्या, फार दूर नाही. कारखान्याची भेट आधी कळवून ठरवावी लागते. भेटीत फाउंड्री दाखवा असं स्पष्ट सांगा, कारण नाहीतर फक्त असेंब्ली आणि शोरूम दाखवून पाठवतात.